हाताने घ्यायचा वास

आमच्या ऑफिसला तेवीस पायऱ्या. खाली बेकरी.
ओदिलिया चढून आली तेव्हा
तिचा डावा पाय प्रत्येक पायरीला आधी विचारत होता,
आहेस ना?

मी इथे टाइप करते. जबाब, नोटिसा, मृत्युपत्रं.
लोक बोलतात, मी त्याचं
‘अर्जदाराचे म्हणणे असे की’ करते.

कधीपासून? वकीलबाईंनी विचारलं.
तिने पर्समधून रुमाल काढला, परत ठेवला.
नाताळाआधी नातवाच्या कोटाचं बटण लागेना.
नाही, त्याच्याही आधी
सूप सांडलं हातावर,
आणि ते कळलं फोड आल्यावर.
तारीख, वकीलबाई म्हणाल्या. कायद्याला तारीख लागते.
कर्सर लुकलुकत राहिला.

एकोणीस वर्षं. खाली सोल, वर चामडं, मध्ये सोल्यूशन.
ब्रश, फुंकर, दाब. ब्रश, फुंकर, दाब.
खिडक्या बंद, कारण धूळ बसली की जोड नापास.
दुपारनंतर सगळ्याजणी उगाचच हसत सुटायच्या
आणि फोरमन पाहुण्यांना सांगायचा,
बघा, आमच्या बायका किती खूश आहेत.
हे लिहू?
हे आधी लिही, वकीलबाई म्हणाल्या.

फेलगेइराशमध्ये सगळ्यांच्या पायात फेलगेइराशचेच जोड.
मी माझे खुर्चीखाली ओढून घेतले.

पोर्तोच्या डॉक्टरने सुया टोचून, वीज सोडून
तिच्या नसांची रेघ कागदावर काढून दिली होती,
वाऱ्याविना पडलेल्या पाण्यासारखी.
आणि कंपनीचं पत्र: आमचे सोल्यूशन पाण्यातले,
निर्धोक, पूर्वीपासून हेच. नमुना सोबत जोडला आहे.
पूर्वीचे डबे? भंगारात.
पूर्वीची वही? सापडत नाही.
साक्षीला कोण? तिची नणंद अजून त्याच टेबलावर बसते
आणि रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर.

बराच वेळ बेकरीचाच वास येत राहिला.
मग ओदिलिया म्हणाली,
एक डबा आहे माझ्याकडे.
त्यात मांजेरिकू लावलाय.

मांजेरिकू सब्जाच्या जातीचा. बारीक पानं, गोल डोकं,
जूनमध्ये संत जोआंवच्या रात्री एकमेकांना देतात.
त्याला नाक लावायचं नसतं, कोमेजतो म्हणतात.
वरून तळहात फिरवायचा हलकेच
आणि मग आपलाच हात हुंगायचा.

दुसऱ्या दिवशी पावाच्या पिशवीत गुंडाळून आणला तिने.
अर्धं लेबल गंजाने खाल्लेलं,
उरलेल्या अर्ध्यात ज्वाळेचं चित्र,
एका लांबलचक नावाची पहिली चार अक्षरं,
आणि कारखान्याचा शिक्का, निळा, ठसठशीत.
तळाशी खरवडलं तर प्रयोगशाळेला काहीतरी मिळेल,
वकीलबाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच घाईचा.
झाड मात्र काढावं लागेल.

फुकट मिळालेला म्हणून आणला होता डबा, ती म्हणाली.
चोरला नव्हता. तेही लिही.

मी खालून कॉफीचे दोन कागदी ग्लास आणले.
एकात झाड मावलं. दुसऱ्यात माती.
सही करताना ती पेनकडे बघत होती,
नजर हटली असती तर पेन पडलं असतं.
नाव पुरं झालं. शेवटचा ‘या’ टेबलावर गेला.

मग तिने तळहात झाडावरून फिरवला,
हुंगला, पुन्हा फिरवला,
आणि माझ्यापुढे धरला.
तूच सांग, लागला का हाताला?
मी हुंगला. साबण होता. गंज होता.
आणि होय, कुठेतरी खोल, हिरवा, तिखटसर.
लागलाय, म्हटलं.

ती जिना उतरू लागली. मी पायऱ्या मोजत होते,
सतराव्या पायरीला थांबली, पुन्हा निघाली.

संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना पाहिलं,
डब्याच्या तळातून ओल झिरपून
मृत्युपत्रांच्या फायलींखाली गेली होती.
पुसली. फडकं फेकून द्यावं की पुरावा म्हणून ठेवावं,
कळेना. ठेवलं.

जबाबात तारखेची जागा अजून कोरी आहे.